कापलेली कैची

एकोणिसावी शीट हातात आली तेव्हा टेबलावरचा चहा थंड झाला होता आणि मी गरम झाले होते.

शीटवर कैच्या काढल्या होत्या. कैची म्हणजे इथे कात्री नव्हे. टिनाच्या मोठ्या छपराखाली लोखंडी अँगलांचा जो त्रिकोणी सांगाडा असतो, त्याला आमच्याकडचे मिस्त्री कैची म्हणतात. पुस्तकात तिचं नाव ट्रस. दोन तिरके हात वर जाऊन टोकाला भेटतात, खाली एक लांब आडवा अँगल त्या दोघांचे पाय बांधून ठेवतो, आणि मधे लहान-लहान तुकड्यांची जाळी. चित्र इतकं सोपं की पाचवीतल्या पोरालाही जमावं. या शीटवर ओळीने नऊ कैच्या होत्या. पहिल्या सात ठीक. शेवटच्या दोनमध्ये खालची आडवी रेघ मधेच तुटलेली, जणू काढता काढता पेन्सिल संपली.

मी लाल पेनाने दोन गोल केले आणि बाजूला लिहिलं, "अपूर्ण. पुन्हा काढा."

नाव बघितलं. करुणा वानखडे. मला आश्चर्य वाटलं नाही. ही वलगावची मुलगी माझ्या विषयात दोनदा नापास झालेली होती.

माझा विषय म्हणजे स्ट्रक्चर्स. मी स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. अमरावतीत माझं लहानसं ऑफिस आहे आणि तीसेक वर्षं मी लोकांच्या इमारतींचे कॉलम, बीम आणि स्लॅब ठरवत आलेय. आठवड्यातून दोन दिवस इथल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायला जाते. तिसऱ्या वर्षाला मोठ्या इमारती असतात: स्टेडियम, सभागृह, मार्केट यार्ड, म्हणजे जिथे मधे खांब चालत नाही अशी जागा. खांबाशिवाय पन्नास-शंभर फूट छप्पर कसं तोलायचं, कुठे लोखंड वापरायचं, कुठे काँक्रीट, कुठे नुसत्या तारा, असा सगळा मामला.

आर्किटेक्चरच्या मुलांना हा विषय आवडत नाही. त्यांचं म्हणणं साधं असतं. बिल्डिंग सुंदर काढायची ते आपलं काम, ती उभी ठेवायची ते इंजिनिअरचं. तिवस्याचा तुषार नावाचा एक विद्यार्थी तर मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मॅडम, आमी डिझाइन करू, तुमी टेन्शन घ्या." वर्ग खूप हसला. मीही हसले. खोटं काय होतं त्यात?

तर बुधवारी मी अठ्ठावीस मुलांना बसने अकोल्याला नेलं. तिथे एक जुनी जिनिंग होती. पूर्वी तिथे सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधत. कारखाना बंद पडला, मशिनरी गेली, आणि आता त्या लांबलचक शेडमध्ये मंगल कार्यालय झालंय. दोन बाजूंना जाड विटांच्या भिंती, त्यांवर पन्नास फुटांच्या नऊ कैच्या, मधे एकही खांब नाही. मुलांना दाखवायला याहून चांगली जागा अख्ख्या वऱ्हाडात मिळाली नसती. मी तिसऱ्या कैचीखाली उभी राहून पाऊण तास बोलले. मग मुलांना सांगितलं, शेड मोजा, काढा आणि उद्या शीट द्या.

गुरुवारी शीट आल्या. अठ्ठावीसमधल्या सत्तावीस बरोबर होत्या आणि एक चूक.

शुक्रवारी सकाळी वर्गात मी ती शीट उंच धरली.

"करुणा, ही रेघ कुठे गेली?"

ती उभी राहिली. "मॅडम, नाही आहे."

"नाही आहे ते मला दिसतंय. का काढली नाही?"

"तसं नाही मॅडम. तिथं नाहीच आहे. म्हणून नाही काढली."

वर्गात खसखस पिकली. तुषार मागून म्हणाला, "मॅडम, स्टेजकडे अंधार होता. तिले दिसली नसन."

करुणाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मोबाइल काढला, माझ्या टेबलापाशी आली आणि एक फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला.

स्टेजच्या वरचा भाग होता. काळं कापड, लाइटच्या माळा, एलईडी पडद्याची चौकट. आणि त्या सगळ्याच्या वर, छपराच्या काळोखात, कैचीचा खालचा अँगल एका बाजूने येत होता आणि मधेच संपत होता. समोरून दुसरा तुकडा येत होता, तोही तसाच संपत होता. मधे सोळा-सतरा फूट काहीच नव्हतं. दोन्ही टोकं गॅस कटरने कापलेली. कटरने कापलेलं लोखंड ओळखता येतं, त्याची कड चावल्यासारखी दिसते.

मी खुर्चीत बसले. वर्गाला कळलं की काहीतरी बिनसलंय, कारण मी शिकवताना कधी बसत नाही.

"खरं सांगा," मी विचारलं, "शेवटच्या दोन कैच्या किती जणांनी पाहिल्या?"

तुषारच बोलला. या मुलाचा हा गुण मला आवडतो. "मॅडम, मी एक पाहिली अन् बाकीच्या आठ कॉपी-पेस्ट केल्या."

बाकीच्या सव्वीस जणांनी काय केलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. आणि मी? मी पाऊण तास त्याच शेडमध्ये होते. स्टेजकडे पाठ करून. तीस वर्षांचा अनुभव माझ्या डोक्यात होता आणि त्याने एकदाही मान वळवली नव्हती.

मी लाल पेन उचललं, करुणाच्या शीटवरचा शेरा खोडला आणि बाजूला लिहिलं, "बरोबर. चूक माझी." खाली सही केली. तिने शीट घेतली आणि बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिली.

"पण तू तिथेच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मले वाटलं नवीन टाइपची असन," ती म्हणाली. "तुमी शिकवलं होतं ना, ट्रस लय प्रकारचे असतात. मी घरी जाऊन पुस्तकात त्याचं नाव शोधून राहिली होती."

यावर हसावं की रडावं ते मला कळेना. कापलेल्या कैचीला पुस्तकात नाव नसतं. पण एवढं नक्की, की अख्ख्या वर्गात पुस्तक उघडून बघणारीही ती एकटीच होती.

मग तिने फोटो बाजूला सरकवून दुसरा दाखवला. कार्यालयाच्या दारातला फळा होता. खडूने लिहिलं होतं: रविवार, साक्षगंध.

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. आजकाल त्याला लग्नाइतकीच माणसं येतात.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. कैचीवर छपराचं वजन आलं की तिचे दोन तिरके हात खाली दबतात आणि त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. शिडी गुळगुळीत फरशीवर उभी केली की तिचा पाय सरकतो, तसंच. खालचा आडवा अँगल दोन्ही पायांना धरून ठेवतो. त्याला आम्ही टाय म्हणतो, कारण तो बांधतो. टाय कापला तर ते पाय भिंतीला बाहेर ढकलायला लागतात. विटांची भिंत वरून येणारं ओझं वर्षानुवर्षं झेलते, पण आडवा रेटा तिला सोसत नाही.

मी प्राचार्यांकडे गेले. ते सावध गृहस्थ आहेत.

"मॅडम, आपण तिथे स्टडी टूरला गेलो होतो. त्यांनी आपल्याकडे रिपोर्ट मागितलाय का?"

"नाही."

"मग कॉलेज यात कसं पडणार? खासगी मालमत्ता आहे. उद्या तो माणूस म्हणेल, आमची बदनामी केली."

"सर, रविवारी तिथे कार्यक्रम आहे."

ते म्हणाले, "कॉलेजच्या नावाने काही नको. तुम्ही तुमच्या लेटरहेडवर काय करायचं ते करा. आणि मुलांना न्यायचं असेल तर त्यांच्या घरी विचारा."

मला तेवढं पुरे होतं. मुलांच्या घरी फोन झाले आणि दुपारी बाराला माझ्या गाडीत करुणा, तुषार आणि आणखी दोघी मुली बसल्या. डिकीत टेप, ओळंबा आणि दोरी. मूर्तिजापूरला चहासाठीसुद्धा थांबलो नाही. वाटेत मी कार्यालयाच्या मालकांना फोन केला. त्यांना वाटलं, मुलांची काही वस्तू तिथे राहिली.

मालकांचं नाव विनोदभाऊ. पन्नाशीचा, भरदार अंगाचा, मोकळा माणूस. बुधवारी त्यांनी सगळ्या मुलांना उसाचा रस पाजला होता. आताही दारातच उभे होते.

"या म्याडम, या! काय राह्यलं इथं?"

"भाऊ, एक अँगल राहिला," मी म्हटलं आणि त्यांना स्टेजपाशी घेऊन गेले.

त्यांनी वर पाहिलं. "थो होय? थो तं कापला. पोळा झाल्यावर. एलईडीचा पडदा बसतच नव्हता. आडवा येत होता मधात."

"कुणाला विचारून कापला?"

"स्टेजवाल्यानं कापला. थो म्हणे, भाऊ, हा काही कामाचा नाही, छप्पर तं वरच्या दोन हाताईवर हाय. अन् खरंच सांगतो म्याडम, त्या अँगलवर निस्ते कबुतरं बसत होते. पाहुण्याईच्या अंगावर..." त्यांनी वाक्य पुढे नेलं नाही. मुली खाली बघून हसल्या.

"आणि हे काय चाललंय?" मी विचारलं. स्टेजवर दोन माणसं एका लोखंडी रिंगणाला जाळी बांधत होती. रिंगण चांगलं सात-आठ फुटांचं.

"झुंबर. फुलाईचं. रविवारी वर टांगणार. बरोबर थ्या कैचीच्या टोकाले. मुलीच्या बापाची हौस हाय."

मी मनातल्या मनात वजन केलं. लोखंड, ओली फुलं, लाइट. आणि टांगायला जागा निवडली होती ती नेमकी कापलेल्या कैचीची.

"भाऊ, हे टांगू नका. आणि रविवारचा कार्यक्रम या शेडमध्ये करू नका."

विनोदभाऊंचा चेहरा बदलला. "कावून?"

मी समजावायला सुरुवात केली. हॉरिझॉन्टल थ्रस्ट, सपोर्ट, टेन्शन मेंबर. दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडे नाही, माझ्या मागे झुंबर बांधणाऱ्यांकडे बघतायत. वर्गात शेवटच्या बाकावरची मुलं बघतात तसे.

"म्याडम," ते शेवटी म्हणाले, "तुमी शिकलेल्या हा, मी नाही म्हणत नाही. पण कापून चार महिने झाले. काय झालं? काहीच नाही झालं. दिवाळीनंतर इथं किती कार्यक्रम झाले. कोणाच्या डोक्यावर एक खिळा नाही पडला."

प्रश्न बरोबर होता. माझ्या विद्यार्थ्यांनी मला इतका चांगला प्रश्न कधी विचारला नव्हता.

"चला, भिंत बघू," मी म्हटलं.

शेडचा शेवटचा कोपरा आम्ही बाहेरून आणि आतून पाहिला. आतून कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ होती, आजूबाजूच्या रंगापेक्षा पांढरी.

"ही काय?"

"बारीकशी चीर होती. रंगाऱ्यानं पुट्टी भरली. पुन्हा उघडली. पुन्हा भरली. आता तिसऱ्यांदा उघडली तं म्या म्हटलं, रंगारीच बदलून टाकतो."

बाहेर तुषारने शिडी मागवली. मी लावू दिली नाही. ज्या भिंतीवर संशय आहे तिला शिडी टेकवायची नसते. लांब बांबूच्या टोकाला ओळंब्याची दोरी बांधली आणि बांबूचं टोक भिंतीच्या माथ्याला टेकवलं. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं टोकदार वजन. ते खोटं बोलत नाही. आधी सहाव्या कैचीपाशी सोडला. खाली दोरी आणि भिंत यांत जेमतेम सुतभर फरक. मग नवव्या कैचीपाशी सोडला. मुलींनी खाली टेप लावली आणि दोनदा वाचली. दीड इंच. म्हणजे भिंत माथ्यावर दीड इंच बाहेर झुकली होती.

"जुनी भिंत हाय," विनोदभाऊ म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता. "पयलेपासूनच वाकडी असन. आता रविवारी चारशे माणसं येणार, म्याडम. पत्रिका वाटून झाल्या. आचारी येऊन राहिला. मी मुलीच्या बापाले काय सांगू? का एका मास्तरीणबाईनं दोरी सोडून पाह्यली?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते गणिताचं होतं. त्यांना हवं ते माझ्याकडे नव्हतं.

"मॅडम," करुणा म्हणाली, "मी सांगू?"

ती आम्हाला पुन्हा आत घेऊन आली. हॉलला नवी गुळगुळीत फरशी बसवलेली होती. तिने तुषारला आणि एका मुलीला बूट काढायला लावले. मोजे पायात ठेवायला सांगितले. दोघं समोरासमोर, चार फुटांवर. हात वर करून तळवे एकमेकांना टेकवायचे आणि पुढे झुकायचं. दोघांची मिळून एक कैची झाली. मग तिने आपली ओढणी काढून दोघांच्या घोट्यांना बांधली, ताणून.

"काका, ही तुमची कैची. ओढणी म्हणजे तुमी कापलेला अँगल. आता दाबा वरून."

विनोदभाऊंनी दोघांच्या जुळलेल्या हातांवर आपला हात ठेवून दाबलं. दोघं हलले नाहीत.

"तिचं काय वजन हाय," विनोदभाऊ म्हणाले, "हाडकुळी पोरगी. हट बाजूले, मीच राहतो उभा."

त्यांनी स्वतः चपला काढल्या. मोजे नव्हते, तर स्टेजवर काम करणाऱ्या माणसाकडून दोन फडकी मागून पायांखाली घेतली. तुषारच्या तळव्यांना तळवे लावले. करुणाने ओढणी दोघांच्या घोट्यांना घट्ट बांधली. झुंबर बांधणारे काम सोडून बघायला आले. आचाऱ्याची माणसंही आली.

"काका, घट्ट हाय ना?"

"एकदम मजबूत."

"सोडू?"

"सोड."

तिने गाठ ओढली. विनोदभाऊंचे पाय फरशीवरून जे सटकले ते थेट मागे. ते आधी गुडघ्यांवर आणि मग हळूच बसकण मारून खाली आले. तुषार त्यांच्या पोटावर. कुणाला लागलं नाही. आचाऱ्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. विनोदभाऊ स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसले.

पण ते शेठ माणूस. हसून झाल्यावर बसल्या जागेवरून त्यांनी नेमकं विचारलं. "बरं, कबूल. मग माही कैची कावून नाही पडली? चार महिने?"

करुणा म्हणाली, "पुन्हा उभे राहा, काका."

या वेळी ओढणी बांधली नाही. ती विनोदभाऊंच्या मागे गेली, आपलं पाऊल आडवं करून त्यांच्या टाचांमागे अडवून धरलं. दुसऱ्या मुलीने तुषारच्या टाचा तशाच अडवल्या. दोघं झुकले. पडले नाहीत.

"पडली नाही ना कैची?" करुणा म्हणाली.

"नाही पडली."

"कारण मी भिंत हाय. पण काका, तुमी मले ढकलून राहिले. पाय दुखून राहिला माहा. मी किती वेळ धरणार? तुमच्या डोक्यावर अजून झुंबर ठेवलं तं?"

विनोदभाऊंनी मान मागे वळवली. मागे तिचं पाऊल हळूहळू फरशीवरून सरकत होतं. अर्धा इंच, एक इंच. त्यांनी ते पाहिलं आणि स्वतःच झुकणं सोडून सरळ उभे राहिले.

मग ते कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या रेघेपाशी गेले.

"तीनदा पुट्टी भरली मी," ते म्हणाले. "तीनदा."

मी तीस वर्षांत गणिताने जे पटवलं नसतं ते त्या मुलीने दहा मिनिटांत ओढणीने पटवलं. तेही फळ्याशिवाय. मला अभिमान वाटला आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही.

त्यांनी मुलीच्या वडिलांना फोन लावला. विनोदभाऊ म्हणाले, "भाऊ, साक्षगंध मोकळ्या मैदानात करू. आवारात मंडप टाकतो, शेडमध्ये थोडं काम निघालं." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. विनोदभाऊ म्हणाले, "नाही, नाही, जेवण तेच." फोन ठेवून ते आमच्याकडे वळले. "झालं. त्याले बाकी कायची चिंता नोयती."

शेडसमोर मोठं आवार होतं. पूर्वी कापसाच्या गाड्या तिथे रांगेने उभ्या राहत. हिवाळ्याचे दिवस, ऊन कोवळं. मंडपाला याहून चांगली जागा नव्हती. मी लेटरहेडवर पत्र लिहून दिलं: शेड दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, त्या भिंतीलगतही कुणाला बसवू नये. विनोदभाऊंनी शेडच्या दाराला कुलूप घातलं आणि भिंतीपासून वीस फुटांवर दोरी बांधून घेतली. झुंबर मंडपाबाहेर जमिनीवर उभं करायचं ठरलं. त्यासमोर लोक फोटो काढतील, ही तुषारची कल्पना. अखेर त्याने काहीतरी डिझाइन केलं.

रविवारी शेड पडली नाही.

हे मुद्दाम सांगते. दुपारी विनोदभाऊंचा फोन आला. मागे बँडचा आवाज. "म्याडम, चारशेचे साडेचारशे झाले, सारं झ्याक! अन् शेड तं उभीच हाय!"

"उभीच राहायला हवी, भाऊ."

"नाही, म्हून म्हटलं. उगीच घाबरलो का काय आपण?"

आमच्या धंद्यातली ही जुनी अडचण आहे. डॉक्टरचा पेशंट बरा झाला तर लोक पेढे देतात. आमची इमारत पडली नाही तर लोकांना वाटतं, ती पडणारच नव्हती.

सोमवारपासून काम सुरू केलं. माझ्या ओळखीचे फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंड कापून-जोडून देणारे कारागीर, आणले. आधी दोन्ही कैच्यांखाली लोखंडी टेकू उभे केले आणि जॅकने छपराचा भार हळूहळू त्यांवर घेतला. जॅक म्हणजे गाडीचं चाक बदलताना लावतो तसाच, फक्त मोठा. भार टेकूंवर गेला तेव्हा भिंतीवरचे पाय मोकळे झाले, आणि फॅब्रिकेटरने वरून हाक मारली, "मॅडम, हे पाहून घ्या."

मचाणावर मी चढले. मागून करुणा, आणि तिच्या मागून, नको म्हणत असतानाही, विनोदभाऊ.

कैचीचा पाय भिंतीवर एका दगडावर टेकलेला असतो आणि दोन बोल्टांनी बांधलेला असतो. तो दगड फुटला होता, आरपार. एक बोल्ट तुटलेला. दुसरा विळ्यासारखा वाकलेला. त्याच्या वाकलेल्या बाजूला लोखंड नुकतं तडकल्यासारखं चमकत होतं. जुन्या तड्यावर गंज असतो. हा नवा होता.

विनोदभाऊंनी त्यावर बोट फिरवलं. खाली उतरले आणि आवारात जाऊन बराच वेळ एकटे बसले. मग स्वतः चहा घेऊन आले. पहिला कप करुणाला दिला, दुसरा मला.

आठवडाभरात काम झालं. कापलेल्या जागी नवे अँगल बसवले, मधे टर्नबकल घातला. टर्नबकल म्हणजे दोन्हीकडे आटे असलेली एक नळी, फिरवली की दोन्ही बाजू जवळ ओढल्या जातात. ओढणी ताणून बांधावी तसं. भिंत मात्र ओढून सरळ केली नाही. मुलांनी विचारलं, का नाही? वाकलेल्या भिंतीला जबरदस्तीने सरळ करायला गेलं तर ती तडकते. आहे तिथे धरून ठेवली, फुटलेल्या दगडांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे घातले आणि बाहेरून दोन आधारभिंती बांधायला सांगितल्या. एलईडीचा पडदा तीन फूट खाली घेतला. तेवढ्याने तो बसला. हे स्टेजवाल्याला पोळ्यानंतरच सुचायला हरकत नव्हती.

शेवटच्या दिवशी पूर्ण वर्ग पुन्हा बसने आला. मी या वेळी बोलले नाही. करुणाने सगळ्यांना मोजे घालून कैची करायला लावली. विनोदभाऊंनी पुन्हा एकदा भाग घेतला. वाकलेला बोल्ट त्यांनी आपल्या ऑफिसात टेबलावर ठेवलाय. कार्यालय बुक करायला येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतात आणि कैची म्हणजे काय ते समजावतात. आधी माझ्यापेक्षा कमी वेळ घेत, आता जास्त घेतात, असं ऐकलंय.

कॉलेजच्या वार्षिक अहवालात या कामाचा उल्लेख "महाविद्यालयाच्या पुढाकाराने" असा आला. प्राचार्यांनी मला तो स्वतः वाचून दाखवला. करुणा परीक्षेत पास झाली, एक्कावन्न मार्कांनी. ट्रसचं गणित तिचं तिथेही चुकलंच. मी पेपर परत बघितला. चुकलं होतं ते चुकलंच होतं. मार्क वाढवले नाहीत.

मी मात्र आता तिसऱ्या वर्षाला पहिल्या तासाला काहीही लिहून देत नाही. मोजे आणायला सांगते. आणि एक गोष्ट सांगते, जी मला इतकी वर्षं शिकवूनही नीट सांगता आली नव्हती. माणूस काम करताना दमतो, धापा टाकतो, तक्रार करतो, म्हणून तो काम करतोय हे आपल्याला कळतं. लोखंडाला घाम येत नाही. ते रिकामं बसलंय असं समजून त्याला कामावरून काढू नये.